ओठांना न बसणारं वाक्य

३ फेब्रुवारी

दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मी डायरी लिहिली नाही. त्यामुळे तो नेमका कुठं फसला ते आता सांगता येत नाही, फसला एवढंच सांगता येतं. या तिसऱ्याचं जे काही होईल ते लिहून ठेवायचं ठरवलंय. पहिल्याच पानावर रडगाणं येणार असं मात्र वाटलं नव्हतं.

दुपारी कानसेननं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, घरातले प्रसंग गेले." इतक्या शांतपणे म्हणाला की मला आधी वाटलं, त्याच्याच घरी काहीतरी झालंय.

कानसेन म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक. शूटिंगच्या वेळी घरासमोर रस्त्याचं काम चालू होतं, तेव्हा त्याच्या कानांवर आणि माझ्या नशिबावर भरवसा ठेवून आम्ही रेटून नेलं. आता संकलन संपलं, चित्र पक्कं झालं, आणि आवाज स्वच्छ करायला बसल्यावर कळतंय की प्रत्येक हळुवार वाक्याच्या मागे खडी फोडायचं यंत्र बसलेलं आहे. मुलीचं काम करणारी नटी स्टुडिओत येऊन पुन्हा बोलेल. प्रश्न आईच्या भूमिकेचा आहे, म्हणजे ती करणाऱ्या मोठ्या बाईंचा. गेल्याच आठवड्यात त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. उन्हाळा संपेपर्यंत कुजबुजायचंसुद्धा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी प्रदर्शन. थिएटरं ठरलीत. निर्मात्यांना अजून सांगितलेलं नाही.

जेवताना घरी सांगितलं. बेडकी म्हणाली, "मग मूकपट कर." (बेडकी म्हणजे माझी लेक, सोळा वर्षांची. पाण्यात असते तेवढा वेळ खूश असते.) नवरा हसला. मला काही हसू आलं नाही.

९ फेब्रुवारी

मोठ्या बाईंच्या जागी बोलेल अशा बाईसाठी आठवडाभर आवाज ऐकतेय. एकीचा फार गोड, एकीचा फार शिकलेला, एक तर मोठ्या बाईंच्या तोंडून बोलू लागली की बातम्या चालू झाल्यासारखं वाटतं. कानसेन प्रत्येकीनंतर नुसता चष्मा पुसतो.

आज निर्माते स्वतः आले. त्यांना सगळं सांगून टाकलं. माणूस भला आहे, ओरडला नाही. माझा पहिला सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला, दुसरा पाहायलाच कुणी आलं नाही, मग कित्येक वर्षं साबणाच्या जाहिराती आणि मालिकांचे भाग करण्यात गेली. त्या सगळ्यानंतर माझ्यामागे उभा राहिलेला हा एकटा माणूस. तो ओरडला असता तर मला जास्त सोपं गेलं असतं.

जाता जाता दारात थांबून म्हणाले, "एक सुचवू? राग मानू नका. तुमच्या मातोश्री?"

मी म्हटलं, "नाही." इतक्या पटकन की तेच दचकले.

कारणं लिहून ठेवते. आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. माईक सोडून तिला बराच काळ झाला. ती प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते. आणि मुख्य म्हणजे या सिनेमातल्या आईचा तिच्याशी काडीचाही संबंध नसताना लोक तो लावतील. सिनेमातली आई गायिका आहे. माझ्या आईला एक सूर धड लागत नाही. सिनेमातली आई आठ वर्षांच्या मुलीला बहिणीकडे ठेवून गाण्याच्या कंपनीबरोबर निघून जाते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आणि आई काही निघून गेली नव्हती, तिला जावं लागलं होतं. डबिंगची मोठी कामं दुसऱ्या शहरात, बाबांची नोकरी फिरतीची. दुसरा इलाजच नव्हता. दोन वर्षं मी मावशीकडे होते आणि मजेत होते. मावशी सांगायचीच ना, तुझ्या आईचा नाइलाज आहे गं. इतकी साधी गोष्ट. तिच्यावर कोण सिनेमा काढेल?

११ फेब्रुवारी

शेवटी आईकडे जावं लागलं. दोन गल्ल्या पलीकडे राहते. बेडकी शाळेतून रोज तिच्याकडेच जाते, त्यामुळे माझं जाणं आपोआप कमी झालंय.

मी विषय काढायच्या आधीच आई म्हणाली, "मोठ्या बाईंचा घसा गेला म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या लेकीनं. ती सांगते मला सगळं. संहिता आणलीस?"

खुर्ची खिडकीशी ओढून तिनं अथपासून इतिपर्यंत वाचली. मी स्वयंपाकघरात उगाच कप धूत बसले. एके काळी पडद्यावरच्या निम्म्या नायिका माझ्या आईच्या आवाजात हसायच्या, रडायच्या, प्रेमात पडायच्या. भाषा न येणाऱ्या गोऱ्यापान मुली नुसते ओठ हलवायच्या आणि बोलायची माझी आई. श्रेयनामावलीत तिचं नाव एकदाही आलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं मीही कधी म्हटलं नाही.

वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढला. "ही बाई गाते?"

"हो."

"चांगलं गाते का?"

"आई, ही तू नाहीस."

"मी कुठं म्हटलं?" असं म्हणून तिनं पानं टेबलावर ठोकून सारखी केली. "मोठ्या बाईंचा आवाज खाली लागतो. मला जमेल. पण मधे मधे बोलायचं नाही."

हे मला सांगितलं. दिग्दर्शकाला.

१८ फेब्रुवारी

डबिंगचा पहिला दिवस. लिहायला हवं, कारण असं काम मी आजवर पाहिलं नव्हतं. लहानपणी आई स्टुडिओत काय करते हे मला ठाऊकच नव्हतं. मावशीकडे सिनेमा लागला की मावशी पडद्याकडे बोट दाखवायची, "ही बघ तुझी आई बोलतेय," आणि मी त्या परक्या बाईच्या तोंडाकडे बघत राहायचे.

आई आली ती मऊ सुती पोशाखात, कारण कडक कापड सळसळतं. मनगटावरचं घड्याळ काढून बाहेर ठेवलं. बूट काढून मोज्यांवर उभी राहिली. त्याआधी एक केळं खाल्लं. रिकामं पोट माईकसमोर बोलतं, म्हणे, आणि फार भरलेलं त्याहून जास्त बोलतं.

पडद्यावर मोठ्या बाई बोलतात, तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो. पहिले काही फेरे आईनं नुसतं पाहिलं. ओठ नाही, खांदे. "तुझी बाई बोलायच्या आधी नाकानं श्वास घेते," ती म्हणाली. "श्वास पकडला की शब्द आपसूक येतात." आणि पुढच्या फेऱ्याला मोठ्या बाई पडद्यावर बोलू लागल्या. मी शपथेवर सांगेन, त्याच बोलत होत्या. कानसेननं चष्मा पुसला नाही.

निर्मात्यांना फोन करून सांगितलं, जमतंय. बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पावलांचे, दारांचे, भांड्यांचे आवाज करत दिवस गेला. कानसेन स्वतःच्या बायकोचे सँडल घालून लाकडी फळीवर ठुमकत चालत होता, हसून हसून पुरेवाट झाली.

आज बेडकीची पोहण्याची शर्यत होती, शाळाशाळांमधली. जायचं होतं, पण स्टुडिओ आजच रिकामा मिळाला. नाइलाज झाला. नवरा गावाला. आईला आज एक प्रसंग कर म्हटलं तर "रविवारी जमणार नाही." या वयात तिला रविवारी कसलं काम असतं, कोण जाणे.

संध्याकाळी बेडकी ओल्या केसांनीच घरी आली. "दुसरी आले."

"शाब्बास! पुढच्या वेळी मी नक्की येणार."

"ठीक आहे," म्हणाली आणि खोलीत गेली. या वयाच्या मुली आईबापांचं डोकं खातात असं ऐकते. आमचीला काही समजवावंच लागत नाही. फार समजूतदार आहे.

२३ फेब्रुवारी

आईचा आवाज बसलाय!

स्टुडिओत आली, घड्याळ काढलं, केळं खाल्लं, माईकसमोर उभी राहिली आणि तोंडातून नुसती हवा. मी विचारलं काय झालं, तर फुसफुसत म्हणाली, "काल तलावावर ओरडले."

"कुठल्या तलावावर?" विचारेपर्यंत मलाच कळलं. माझं डोकं फिरलं. "आई, तुला कळत कसं नाही? इतक्या वर्षांचा अनुभव तुझा! ऐन कामाच्या दिवसांत घसा ताणायचा?"

"कुणीतरी ओरडायला हवं होतं."

"तिथं ओरडायला काय माणसं कमी असतात?"

"पुष्कळ असतात," आई म्हणाली. "आपापल्या पोरींसाठी."

कानसेन एकदम वायरी गुंडाळायला लागला. मी निर्मात्यांना फोन करून काम लांबल्याचं सांगितलं. खरं कारण सांगायची लाज वाटली. सर्दी झालीय म्हटलं.

२७ फेब्रुवारी

आवाज आलाय, पण तळाशी किंचित खरखर उरलीय. कानसेन म्हणतो, राहू दे, म्हातारीच्या भूमिकेला शोभते. बरेच प्रसंग उरकले. आई आणि मी कामापुरतंच बोलतोय. एरवीही फार वेगळं नसतं.

२ मार्च

आज शेवटचा प्रसंग, ज्याच्यासाठी सिनेमा काढला तो. स्वयंपाकघर. म्हातारी आई भांडी विसळतेय, चाळिशीची मुलगी पुसतेय. मुलगी कधी नव्हे ते विचारते, "तू मला सोडून का गेलीस?" आई हातातला पेला खाली ठेवते. मोठ्या बाईंचा चेहरा अगदी जवळून. आणि त्या म्हणतात, "मी चुकले गं, बाळा. मला माफ करशील?"

हे वाक्य मी सगळ्यांत आधी लिहिलं होतं. बाकीची संहिता त्याच्या मागे उभी केली.

आईनं तुकडा पाहिला. पुन्हा पाहिला. मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाली, "हे बसत नाही."

"काय बसत नाही?"

"ओठ. 'बाळा' म्हणायला ओठ मिटावे लागतात. तिचे उघडे आहेत."

"मला तर मिटलेले दिसतायत."

"तुला दिसत असतील. मी जन्मभर ओठच बघितलेत."

हे ती म्हणाली की पुढं कुणी काय बोलणार? मी विचारलं, मग काय बसेल तुझ्या मते? तिनं पाण्याचा घोट घेतला, तुकडा फिरवायला सांगितला आणि म्हणाली, "मला जायचं होतं. तुला सोडायचं नव्हतं."

"अगं, पण अर्थच बदलतो याचा."

"बदलतो का?"

"यात ती माफी कुठं मागतेय?"

"नाही मागत."

"मग राहिलं काय? अख्खा सिनेमा त्या माफीसाठी थांबलाय, आई."

"सिनेमा थांबलाय की तू?"

मी म्हटलं, "दिग्दर्शक मीच आहे, म्हणजे तेच ते." कधी कधी तिला इतकी साधी गोष्ट समजत नाही. मी बजावलं, "लिहिलंय तसं म्हण."

तिनं म्हटलं. एकाच फेऱ्यात. गळ्यात नेमका तेवढाच हुंदका, 'माफ'वर किंचित थरथर. काचेमागे बसलेली कात्री (माझी संकलक, सहज बघायला आली होती) डोळे टिपू लागली. मी म्हटलं, "झालं! उत्तम."

"झालं ना तुझं?" आई म्हणाली. "आता माझं एक घेऊन ठेव."

वादात वेळ घालवण्यापेक्षा घेतलं. त्यात हुंदका नव्हता, थरथर नव्हती, नुसती ती खरखर होती. मग तिनं बूट घातले, घड्याळ बांधलं आणि "येते" म्हणून गेली.

पहिलाच ठेवायचा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

४ मार्च

आज कात्रीकडे दोन्ही लावून पाहिले. कानसेनही होता. मी आपलं सहज म्हटलं, "ओठ मिटत नसतानाही आईनं पहिलं किती बेमालूम बसवलंय बघा."

कानसेन म्हणाला, "ओठ मिटतात की, मॅडम. 'बाळा'ला अगदी टिच्चून मिटतात. मोठ्या बाई शूटिंगला तेच वाक्य बोलल्या होत्या, मग मिटणारच."

"मग आई असं का म्हणाली?"

त्यानं कात्रीकडे पाहिलं. कात्रीनं माझ्याकडे पाहिलं, एखाद्या बावळट पोरीकडे बघावं तसं. "उलट तिचं वाक्यच ओठांना बसत नाही," ती म्हणाली. "पार घसरतं. थांब, गंमत दाखवते."

तिनं मोठ्या बाईंचा चेहरा काढून टाकला आणि त्या जागी मुलीचा ठेवला. आम्ही तो काढून घेतला होता, पण वापरला नव्हता. त्यात मुलगी काहीच करत नाही म्हणून मीच बाद केला होता. हातात फडकं घेऊन ती नुसती ऐकत उभी आहे. आणि त्या चेहऱ्यावर आईचा आवाज आला.

मला जायचं होतं. तुला सोडायचं नव्हतं.

मुलगी काहीच करत नाही. फडकं तेवढं हातात थांबतं.

मी म्हटलं, "पुन्हा लाव." कात्रीनं लावलं. मग मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, उद्या बघू, आणि उठले. डोकं दुखत नव्हतं.

५ मार्च

सकाळीच आईकडे गेले. ती झाडांना पाणी घालत होती.

"ओठ मिटत होते," मी म्हटलं.

"हो."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"खरं सांगितलं असतं तर तू घेऊ दिलं असतंस?"

बसले. तिनं चहा टाकला. ती पाठमोरी असताना विचारणं सोपं गेलं. "मला मावशीकडे ठेवलंस, तेव्हा तुझा नाइलाज होता ना?"

"कुणी सांगितलं?"

"मावशीनं. बाबांनीही. सगळ्यांनीच."

"हं. त्यांनी तसं ठरवलं होतं. तुला बरं वाटावं म्हणून." तिनं गॅस बारीक केला. "काम इथंही होतं गं. थोडं, आणि बारीकसारीक. शेजारणीचे, मोलकरणींचे आवाज. तिथून बोलावणं आलं ते नायिकेच्या आवाजासाठी. तुझे बाबा म्हणाले, तू म्हणशील तसं. मी हो म्हटलं. कुणी ढकललं नाही मला."

मी दोन कप तिच्यापुढं ठेवले.

"पुढं मीही नाइलाजच म्हणायला लागले. तसं म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं. कुणी वर मान करून विचारत नाही."

"माझी आठवण यायची?"

"यायची की. रोज. उठल्याबरोबर यायची, जेवताना यायची." चहा ओतता ओतता ती थांबली. "पण माईकसमोर उभी राहिले की नाही यायची. एकदा काम सुरू झालं की दुपारपर्यंत तू कुठंच नसायचीस. मग एकदम आठवायचीस, आणि मी घाबरायचे. वाटायचं, मी कसली आई? ते मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही."

"माफी मागावीशी नाही वाटली कधी?"

"कशाची मागू? गेल्याची मागितली तर ती खोटी. आणि तू दारात उभी राहून हात हलवत होतीस, रडत नव्हतीस, त्याची माफी मागायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत."

मग आम्ही चहा घेतला. माझा गार झाला होता, तरी घेतला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सिनेमात काय ठेवलंस?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ती म्हणाली, "तुझं ठेवलंस तरी चालेल हो. तेही चांगलं म्हटलंय मी."

घरी येऊन कात्रीला कळवलं: दुसरं ठेव. मुलीच्या चेहऱ्यावर.

मी समजूतदार होते म्हणून रडले नव्हते, असं आजवर मला वाटत होतं. समजूतदार. हा शब्द मी अलीकडेच कुठंतरी वापरलाय, कुठं ते आठवत नाही.

१२ मार्च

श्रेयनामावली पक्की केली. आईचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं आणि तिला फोन करून सांगितलं. वाटलं होतं, गहिवरेल. म्हणाली, "शेवटी घाल. अगदी शेवटी. आधी कळलं तर लोक सिनेमाभर माझा आवाज शोधत बसतील, मोठ्या बाईंना कोण बघेल? आमचं काम ओळखू न येण्याचं असतं." जरा थांबून म्हणाली, "पण घाल."

२० मार्च

आज पहिल्यांदा बाहेरच्या माणसांना दाखवला. छोटं प्रेक्षागृह, ओळखीचे थोडे लोक. मोठ्या बाई गळ्याभोवती रुमाल बांधून आल्या होत्या. बेडकी आजीशेजारी बसली.

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. सिनेमा मला पाठ आहे, त्यामुळे लोकांच्या पाठी बघत होते. पाठीवरून बरंच कळतं. स्वयंपाकघराचा प्रसंग आला. मुलीनं विचारलं. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आईचं वाक्य.

आई स्वतः मान खाली घालून बसली होती. बेडकी पडद्याकडे बघत नव्हती, आजीकडे बघत होती. मग तिनं मान वळवली आणि अंधारात मागे बघितलं. मला शोधत होती असं वाटलं. मी हात वर केला, तिला दिसला की नाही कळलं नाही.

दिवे लागल्यावर निर्माते माझ्याकडे आले. "बाईंनी काय म्हटलंय हो ते! शूटिंगला असंच म्हटलं होतं का?" मी म्हटलं, जवळजवळ. मोठ्या बाई मात्र सरळ आईकडे गेल्या. बोलायची बंदी. आईचे दोन्ही हात धरून त्या कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "तुमचा श्वास फार सुंदर आहे हो." दोघी म्हाताऱ्या एकदम हसल्या, एकीला आवाज होता आणि एकीला नव्हता.

घरी येताना गाडीत बेडकी माझ्या शेजारी बसली होती. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "चांगलाय. ती मुलगी काहीच का बोलत नाही शेवटी?"

"तिला काय बोलावं ते सुचत नाही."

"सुचत असणार," बेडकी म्हणाली. "कुणी विचारतच नाही तिला."

२४ एप्रिल

लागला. पहिल्या खेळाला अर्धं थिएटर. म्हणजे मागच्या खेपेपेक्षा भरगच्चच म्हणायचं.

१० मे

तिसरा आठवडा. एका पडद्यावर टिकून आहे, रविवारी भरतोसुद्धा. धो धो नाही, पण लोक एकमेकांना सांगून येतायत. पेपरात बरं लिहून आलंय. एकानं लिहिलं की मोठ्या बाईंनी कारकिर्दीतलं सर्वोत्तम वाक्य पडद्यावर न दिसता म्हटलंय. आईनं ते कात्रण कापून ठेवलं.

आणि निर्मात्यांनी आज नव्या सिनेमाचं विचारलं. मोठा आहे, समुद्रावरच्या दीपगृहाची गोष्ट. जूनपासून चार महिने तिकडे, घरी येणं जमणार नाही. बेडकीचं शाळेचं शेवटचं वर्ष. नवरा म्हणतो, मी आहे, आई आहेत, तू बघ. लेकीला कसं सांगावं कळत नाही. मनात वाक्य तयार आहे: बाळा, नाइलाज आहे, निर्माते ऐकतच नाहीत.

निर्माते तर म्हणाले होते, पुढच्या वर्षी केला तरी चालेल. ते वाक्य इथं लिहिलेलं बघून मलाच कसंसं झालं. नाही सांगितलं आज.

१७ मे, रविवार

दुपारी बेडकी गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. सेटवर दोनशे माणसांपुढं माझा आवाज कापत नाही.

म्हटलं, "एक नवा सिनेमा आलाय. चार महिने लांब जायचंय."

"जावं लागणार का?" तिनं टॉवेलकडे बघतच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "लागणार नाही. पुढच्या वर्षी केला तरी चालेल म्हणाले. पण मला आत्ता करायचाय. मला जावंसं वाटतंय गं, खूप."

तिनं चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला. "मला नाही आवडणार."

"माहितीय."

"माझ्या शर्यती आहेत सप्टेंबरात. तू एकीलाही आली नाहीस कधी. दरवेळी नक्की म्हणतेस. मला ते 'नक्की' अजिबात आवडत नाही."

इतकी वाक्यं ती माझ्याशी सलग कधी बोलली होती, आठवत नाही. तिचा आवाज चढला होता आणि तिला रडू येत होतं. मला वाटलं, जवळ घ्यावं. पण ती बोलत होती. मग ऐकत उभी राहिले. तिनं बरंच ऐकवलं. त्यातलं काही इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. एकही गोष्ट खोटी नव्हती.

बोलून झाल्यावर तिनं त्याच ओल्या टॉवेलला तोंड पुसलं. "तरी जाशील?"

"हो. सप्टेंबरात काम दोन दिवस बंद ठेवायचं मी निर्मात्यांकडून लिहून घेणार आहे. 'नक्की' म्हणत नाही. लिहून घेतलं की कागद तुला दाखवेन."

तिनं विचार केला. "आणि रोज फोन करून जेवलीस का, झोपलीस का विचारायचं नाही. ते बाबा विचारतील."

"मग काय करू?"

"त्या दिवशी काय शूट केलंस ते सांगायचं. आजीला तू कधी काही सांगत नाहीस, मलाही नाही. आम्हाला दुसऱ्यांकडून कळतं." खुर्ची पायानं ओढून ती बसली. "कशावर आहे सिनेमा?"

मी कठड्याला टेकून सांगायला लागले. दीपगृह, तिथली राखणदार बाई, तिच्या भावाची येणारी बोट. बेडकी मधेच म्हणाली, "थांब, बोट येताना दिसते तर ती आधीच का नाही खाली जात?" मी म्हटलं, त्याला कारण आहे. ती म्हणाली, "कारण पटत नाहीये."

अर्धा तास झाला, ती आता आत जाऊन काहीतरी खायला घेतेय आणि मी हे घाईघाईनं लिहितेय. तिचं म्हणणं बरोबर आहे. बाईला खाली जायलाच हवं. सगळा दुसरा भाग बदलावा लागणार. आतून हाक मारतेय ती: "आई, पुढं काय होतं?"